घराशेजारचा उपरी

माझ्या पहिल्या पॅरिशच्या कचेरीतील लोखंडी कपाटात दोन नोंदवह्या होत्या. एक जाडजूड, कापडी बांधणीची. तिच्यात धर्मग्रामातील कुटुंबे आळीवार लिहिलेली. आजोबा, वडील, मुलगा अशा तीन पिढ्या एकाच पानावर सापडत. दुसरी, शाळकरी मुले वापरतात तसली दोनशे पानी वही. तिच्या पुठ्ठ्यावर निळ्या शाईने 'बाहेरची कुटुंबे' असे लिहिलेले होते. अक्षर माझे होते. रेल्वे स्थानकाच्या बाजूने नव्या इमारती उठू लागल्या, त्या इमारतींत आणि त्यांच्या पायथ्याशी उभ्या राहिलेल्या पत्र्याच्या खोल्यांत देशाच्या निरनिराळ्या भागांतून आलेली कॅथलिक माणसे राहू लागली, तेव्हा त्यांची काही नोंद असावी या सद्हेतूने मी ती वही सुरू केली होती. त्यात काही वावगे आहे असे मला त्या वेळी मुळीच वाटले नव्हते.

२०११ च्या मे महिन्याचा पहिला आठवडा होता. रात्री दहाच्या सुमारास बांधकामावर काम करणारा झारखंडकडचा एक तरुण दोन सोबत्यांना घेऊन दारात उभा राहिला. नातवाला सांभाळण्यासाठी गावाहून आलेली त्याची आई संध्याकाळी वारली होती. तिला आमच्या दफनभूमीत पुरावे एवढीच त्याची विनंती होती. मी कपाट उघडले. त्याचे नाव मोठ्या वहीत असण्याचा प्रश्नच नव्हता; ते लहान वहीतही नव्हते. किती दिवस येथे आहात, म्हणून विचारले. आठ महिने, तो म्हणाला. गावच्या फादरांची चिठ्ठी आहे का, म्हणून विचारले.

"चिट्ठी तो गाँव में है, फादर."

दफनभूमीच्या समितीचा नियम मी त्याला समजावून सांगितला. नोंदणी नसलेल्या कुटुंबासाठी मूळ धर्मग्रामाचे पत्र लागते; सकाळी गावी फोन लावू, पत्र मागवू, मग पाहू. मी उद्धटपणे बोललो नाही. पाणीही विचारले. त्याने मान डोलावली, हात जोडले आणि तो गेला. मे महिन्याच्या उकाड्यात पत्र्याच्या खोलीतील मृतदेह पत्राची वाट पाहू शकत नाही, हे मला कळायला हवे होते. दुसऱ्या दिवशी दुपारी समजले की, ठेकेदाराच्या ओळखीने टेम्पो मिळवून त्यांनी तिला दूरच्या एका सार्वजनिक दफनभूमीत नेऊन पुरले. तेथे धर्मगुरू नव्हता. चार गड्यांनी आपल्या भाषेत रोझरीची प्रार्थना म्हटली.

नियमानुसार वागलो, अशी मी मनाची समजूत घातली आणि शनिवारी रात्री रविवारच्या प्रवचनाच्या तयारीस बसलो. तो पुनरुत्थानकाळाचा तिसरा रविवार होता. दुसरे वाचन संत पेत्राच्या पहिल्या पत्राच्या पहिल्या अध्यायातील आणि शुभवर्तमान अम्माऊसच्या वाटेवरील दोन शिष्यांचे. सेमिनरीत ग्रीक शिकवणारे आमचे प्राध्यापक म्हणत, शब्दाचे मूळ विचारल्याशिवाय त्याला प्रवचनात घेऊ नका. त्या सवयीने मी जुना ग्रीक नवा करार उघडला. दोन्ही वाचनांत एकाच शब्दाची दोन रूपे शेजारी शेजारी येऊन बसली होती. पेत्राच्या पत्रात 'पारोइकिया' आणि लूकच्या शुभवर्तमानात त्याच कुळातील क्रियापद. मी ज्या संस्थेचा प्रमुख म्हणवून घेत होतो तिचे नावच ते! पॅरिश हा शब्द या 'पारोइकिया'चा पणतू आहे.

'पारा' म्हणजे बाजूला, लगत. 'ओइकोस' म्हणजे घर. घराच्या लगत राहणारा तो 'पारोइकोस'. जुन्या ग्रीक लेखकांत त्याचा अर्थ निव्वळ 'शेजारी' असा आहे. पुढे शहरे वाढली, बाहेरचे लोक येऊन स्थायिक होऊ लागले, तेव्हा या शेजाऱ्याला कायद्यातले स्थान मिळाले. आणि कायद्यात स्थान मिळणे म्हणजे पुष्कळदा जागा दाखवून देणेच असते. अथेन्समध्ये अशा माणसाला 'मेतोइकोस' म्हणत. तो कर भरी, वेळप्रसंगी सैन्यात लढे. पण त्याला सहसा जमीन घेता येत नसे. थोर तत्त्वज्ञ अ‍ॅरिस्टॉटल अथेन्समध्ये असाच परका म्हणून राहिला. आशिया मायनरमधील नगरांत याच प्रकारच्या रहिवाशाला 'पारोइकोस' हे नाव होते. तो गुलाम नव्हता आणि नागरिकही नव्हता.

पर्गाम येथील एक कोरीव लेख या संदर्भात मला फार बोलका वाटतो. इसवी सन पूर्व १३३ मध्ये तेथील राजा तिसरा अटालस मरण पावला आणि त्याने आपले राज्य रोमला मृत्युपत्राने देऊन टाकले. अशा अस्थिर घटकेला नगराच्या लोकसभेने ठराव केला की, पारोइकोईंच्या नोंदवहीत ज्यांची नावे आहेत त्यांना नागरिकत्व देण्यात यावे. म्हणजे पर्गामलाही दुसरी वही होती. संकट आले तेव्हा, नगराच्या सुरक्षिततेसाठी का होईना, त्यांनी ती पहिल्या वहीत मिळवून टाकली.

इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रिया येथे मोशेच्या पाच ग्रंथांचे ग्रीक भाषांतर झाले. भाषांतर करणारे यहुदी स्वतःच परक्या नगरात राहणारे होते, तेव्हा हा शब्द त्यांनी कोशातून शोधून काढला असेल असे नाही; तो त्यांच्या अंगवळणी पडलेला होता. मोशे मिद्यानात आश्रयाला राहिला, तेथे त्याने मुलाचे नाव गेर्षोम ठेवले; त्या नावाचा उलगडा करताना हाच शब्द येतो. जमीन कायमची विकू नये, कारण ती देवाची आहे आणि तुम्ही सारे तिच्यावर उपरे आहात, असे लेवीयच्या पंचविसाव्या अध्यायात सांगितले आहे. तेथेही हाच शब्द. परंतु त्या रात्री मी थबकलो तो उत्पत्तीच्या तेविसाव्या अध्यायापाशी.

सारा मरण पावली आहे. अब्राहाम मृत पत्नीजवळून उठतो आणि हेथी लोकांपुढे जाऊन उभा राहतो. मी तुमच्यामध्ये पारोइकोस आहे, असे तो म्हणतो आणि मागतो काय, तर मयतास पुरण्यासाठी जागा. ज्याला अवघ्या देशाचे वचन मिळाले आहे, त्याच्या नावावर त्या देशातला वीतभर तुकडाही नाही. एफ्रोन प्रथम जागा देऊ करतो, मग सहज बोलल्यासारखी किंमतही सांगून टाकतो आणि अब्राहाम चारशे शेकेल चांदी तोलून देतो. मकपेलाची गुहा आणि तिचे शेत हीच त्याची त्या भूमीतील पहिली मालमत्ता. पुढे त्यालाही तेथेच ठेवले गेले.

दोन रात्रींपूर्वी माझ्या दारात जो उभा होता, तो तेविसावा अध्यायच तर होता! आणि हेथी लोकांनी अब्राहामाला गावचे पत्र मागितले नव्हते.

नव्या करारात 'पारोइकोस' हे नाम चार वेळा, 'पारोइकिया' दोन वेळा आणि त्याचे क्रियापद दोन वेळा आले आहे. त्यातला एक गुंता मला फार दिवस पुरला. इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात म्हटले आहे की, आता तुम्ही परके किंवा पारोइकोई उरला नाहीत, तुम्ही देवाच्या घरचे आहात. ग्रीकमध्ये येथे 'ओइकोस'चा खेळ आहे: घराच्या लगतचे होते ते घरातले झाले. संत पेत्र मात्र आपल्या वाचकांना अजूनही पारोइकोईच म्हणतो. मग आपण घरातले की घराबाहेरचे? सेमिनरीत याचे सोपे उत्तर मिळाले होते: स्वर्ग हे आपले खरे घर, पृथ्वीवर आपण प्रवासी. हे उत्तर चुकीचे नाही. परंतु १९८१ साली जॉन एच. इलियट या अमेरिकन विद्वानाने एका ग्रंथात असे मांडले की, पेत्राचे वाचक शब्दशः, कायद्याच्या अर्थाने, त्या प्रांतांतील उपरे रहिवासी होते. त्यांच्या परकेपणात अलंकार काही नव्हता. सर्वच अभ्यासकांना हे मान्य नाही. मला मात्र त्यातला इशारा पटतो. आपण शब्दाला स्वर्गाकडे वळवले की पत्र्याच्या खोलीकडे पाहण्याची गरज उरत नाही. सगळेच प्रवासी असतील, तर दारातल्या प्रवाशाचे विशेष ते काय?

अम्माऊसच्या कथेत तर हा शब्द पुनरुत्थित प्रभूवरच येऊन पडतो. वाटेत भेटलेल्या अनोळखी माणसाला क्लयपा विचारतो की, यरुशलेमात येऊन राहिलेला तू एकटाच असा कसा, की झाल्या घटना तुला ठाऊक नाहीत. भाषांतरात ती धार राहत नाही. ग्रीकमध्ये तो त्याला बाहेरून आलेला उपरीच समजतो आहे. संध्याकाळ होते. ते दोघे त्याला आग्रहाने आत बोलावतात, आणि मग भाकर मोडताना ओळख पटते. आत बोलावलेच नसते, तर कथा रस्त्यावरच संपली असती.

आरंभीच्या ख्रिस्ती लोकांना या शब्दाची लाज नव्हती. सुमारे ९६ साली रोमच्या ख्रिस्तसभेने करिंथच्या ख्रिस्तसभेला जे पत्र लिहिले, ते क्लेमेंटचे पत्र म्हणून प्रसिद्ध आहे. त्याच्या मायन्यात रोममध्ये उपरी म्हणून राहणारी देवाची सभा करिंथमध्ये उपरी म्हणून राहणाऱ्या देवाच्या सभेला लिहिते, असा आशय आहे. साम्राज्याच्या राजधानीत बसून स्वतःला उपरे म्हणवून घेण्यात काही नम्रता असेल, काही मिस्कीलपणाही असेल. दुसऱ्या शतकात स्मर्नाचे बिशप पॉलिकार्प हुतात्मा झाले. त्यांच्या हौतात्म्याचे वृत्त ठिकठिकाणच्या ख्रिस्ती समुदायांना कळवले गेले, तेव्हा त्या समुदायांसाठी अनेकवचनी 'पारोइकियाई' हा शब्द आला. एका विशिष्ट गावच्या ख्रिस्ती लोकांचा समूह, हा अर्थ येथे उघड दिसू लागतो. चौथ्या शतकातील इतिहासकार युसेबियस 'अलेक्झांड्रियाची पारोइकिया' म्हणतो, तेव्हा त्याच्या मनात बिशपांचे सबंध कार्यक्षेत्र असते.

त्याच काळात 'दिओइकेसिस' हा दुसरा शब्द राज्यकारभारातून ख्रिस्तसभेत शिरला. घर चालवणे, व्यवस्था पाहणे हा त्याचा मूळ अर्थ. रोमन साम्राज्याच्या मोठ्या विभागांना ते नाव होते. त्यातून डायोसिस, म्हणजे आपला धर्मप्रांत. गंमत अशी की, पश्चिमेत कित्येक शतके या दोन शब्दांची अदलाबदल चालू होती. बिशपांच्या क्षेत्राला पॅरिश आणि खेड्यातल्या देवळाला डायोसिस म्हटल्याची उदाहरणे आहेत. दोन भाऊ एकमेकांचे सदरे घालून हिंडावेत तसे ते हिंडले आणि शेवटी कारभाराचा शब्द वरच्या मजल्यावर गेला, उपऱ्यांचा शब्द खाली गावात राहिला.

लॅटिनमध्ये 'पारोइकिया'चे 'पारोकिया' झाले, त्यामागे आणखी एका शब्दाची ओढ असावी असे मानतात. रोमन रस्त्यांवर सरकारी कामाने फिरणाऱ्यांची सोय पाहणारा एक अधिकारी असे, 'पारोकुस'. होरेस या कवीने आपल्या प्रवासाचे वर्णन करताना त्याचा उल्लेख केला आहे: वाटसरूला सरपण आणि मीठ पुरवणे हे त्याचे कर्तव्य. आज कॅनन लॉमध्ये प्रमुख धर्मगुरूला लॅटिनमध्ये हेच नाव आहे. माझ्या पदाला एवढे प्रामाणिक वर्णन दुसरे मिळणार नाही. सरपण आणि मीठ. आणि मी चिठ्ठी मागितली होती.

पुढे शब्द स्थिरावत गेला. ट्रेंटच्या परिषदेने १५६३ साली आज्ञा केली की, लोकांची निश्चित धर्मग्रामांत विभागणी करावी आणि प्रत्येकास आपला धर्मगुरू असावा. विवाहाच्या नोंदवह्याही तिने सक्तीच्या केल्या. हे आवश्यकच होते; त्याशिवाय कोण कोणाचा मेंढपाळ याचा मेळ लागत नव्हता. पण सीमा आखली की कुंपण आपोआप वाढते. इंग्रजीत या शब्दापासून झालेले 'परोकिअल' हे विशेषण आपल्या गावापलीकडे ज्याला दिसत नाही, अशा कोत्या मनाच्या माणसाला लावतात. परक्याच्या नावाने निघालेला शब्द परके नको असणाऱ्याच्या नावावर जाऊन थांबला. पूर्वेकडे तर बायझंटाईन साम्राज्यात 'पारोइकोस' म्हणजे जमीनदाराच्या किंवा मठाच्या जमिनीवर राबणारे कूळ झाले. अ‍ॅथॉस पर्वतावरील मठांच्या दप्तरांत अशा कुळांच्या याद्या आहेत: माणसे, बैल, झाडे आणि देणे. आधुनिक ग्रीकमध्ये मात्र परदेशी जाऊन वसलेल्या ग्रीकांच्या वस्तीला 'पारोइकिया' म्हणतात आणि पॅरिशला वेगळाच शब्द आहे. ज्या भाषेत तो जन्मला, तेथे त्याने आपले परकेपण सोडलेले नाही.

गोव्यात पॅरिशला 'फिर्गज' म्हणतात. तो पोर्तुगीज 'फ्रेगेझिया'पासून आला. त्याच्या मुळाशी ख्रिस्तसभेची लेकरे असा लॅटिन अर्थ आहे. (त्याच घरातला 'फ्रेगेझ' पोर्तुगीजमध्ये दुकानाच्या गिऱ्हाइकालाही म्हणतात. दानपेटी मोजताना मला हे अधूनमधून आठवते.) आणि आपण मराठीत 'धर्मग्राम' हा शब्द केला. शब्द देखणा आहे. मला तो आवडतो. पण त्यात 'ग्राम' आहे. आपल्या जुन्या गावगाड्यात जमीन कसणारे दोन प्रकारचे होते. वंशपरंपरेने हक्क सांगणारा मिरासदार, आणि बाहेरून येऊन बोलीने जमीन कसणारा, गावकीत मान नसलेला उपरी. ग्रीक शब्द पॅरिशच्या सर्व माणसांना उपरी म्हणतो. आपला शब्द नकळत आपल्याला मिरासदार करतो. गावाने बाहेर ठेवलेल्या माणसाचे जिणे काय असते, हे लक्ष्मण माने यांच्या 'उपरा' या १९८० सालच्या आत्मकथनाने मराठी वाचकाला दाखवले होते. ते पुस्तक मी सेमिनरीत असताना वाचून हळहळलो होतो. माझे स्वतःचे आजोबा कूळ होते. १ एप्रिल १९५७ या कृषकदिनाने त्यांच्यासारख्यांना जमिनीचे मालक होण्याचा हक्क दिला, ही आमच्या घरात सणासारखी सांगितली जाणारी गोष्ट. त्या आजोबांच्या नातवाने वहीवर 'बाहेरची कुटुंबे' लिहिले.

रविवारचे प्रवचन मी कसेबसे आटोपले. सोमवारी कॅनन लॉचे पुस्तक काढले. १९८३ च्या या संहितेनुसार तीन महिने राहिले तरी माणूस त्या जागेचा 'आद्वेना' ठरतो. लॅटिन बायबलमध्ये 'पारोइकोस'साठी जे शब्द योजले त्यांतलाच हा एक. त्यामुळे तेथला प्रमुख धर्मगुरू त्याचा आपला धर्मगुरू होतो. ज्याला कोठेच घर नाही त्याचा धर्मगुरू, तो प्रत्यक्ष जेथे आहे तेथला. वहीत नाव असण्याची अट नाही. तो तरुण आठ महिने माझ्या धर्मग्रामात राहत होता, म्हणजे पाच महिन्यांपासून तो माझाच होता. या कलमांवर मी परीक्षा दिली होती, आणि गुणही चांगले मिळवले होते.

मी त्याला शोधायला बांधकामावर गेलो. काम संपून टोळी दुसरीकडे गेली होती.

पॅरिश कौन्सिलपुढे मी सगळे सांगितले, स्वतःला न वाचवता. दफनभूमीचा नियम बदलावा अशी सूचना मांडली. तीन बैठका झाल्या. विरोध करणारी माणसे दुष्ट नव्हती. एक वृद्ध गृहस्थ म्हणाले, "फादर, आमचे बापजादे तिथे आहेत. उद्या आम्हालाच जागा उरली नाही तर?" जागा खरोखरच अपुरी होती, याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. मी अब्राहामाची गोष्ट सांगितली. कोणीतरी हळूच विचारले, चारशे शेकेल म्हणजे आजचे किती, आणि सगळे हसले. त्या हसण्याने काही गाठी सुटल्या असे वाटते. शेवटी ठरले की, उत्तरेच्या भिंतीलगत सहा जागा, आपल्या हद्दीत निधन पावलेल्या कोणाही कॅथलिक व्यक्तीसाठी, पत्राची अट न घालता, मोबदल्याशिवाय राखून ठेवाव्यात. भिंतीलगतच, मध्ये नव्हे. मी ते स्वीकारले. याहून अधिक मिळवता आले असते का, हे मला आजही सांगता येत नाही.

लहान वहीतली नावे मी त्या पावसाळ्यात मोठ्या वहीत उतरवली. आळीप्रमाणे पाने पाडलेली होती. इमारतींना आणि पत्र्याच्या खोल्यांना आळी नव्हती. म्हणून शेवटची कोरी पाने वापरली.

त्यानंतरच्या वर्षी, २०१२ च्या २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, संध्याकाळची मिस्सा दफनभूमीत झाली. थडगी फुलांनी झाकलेली, मेणबत्त्यांच्या उजेडात घराघरांची माणसे आपापल्या थडग्याभोवती. आशीर्वादाचे पाणी शिंपडत मी मधल्या मोठ्या क्रुसापाशी आलो, तर तो तेथे उभा होता. अंगात धुतलेला सदरा, कडेवर मूल. कोठून आला, कसा आला, मी विचारले नाही. त्याने खिशातून एक मेणबत्ती काढली.

"माँ तो इधर नहीं है, फादर. यहाँ जला सकते हैं?"

मी हो म्हणालो. त्याच्याजवळ काडेपेटी नव्हती. क्रुसाच्या पायरीवर आमच्या आळीतली एक म्हातारी आपल्या मेणबत्त्या लावून बसली होती. तिने फुलांची टोपली बाजूला सरकवली आणि स्वतःची जळती मेणबत्ती त्याच्यापुढे धरली.